टीम २-१०, लीग फुटली, मुलीला हवी डक्सची जर्सी: सीझन तिकीट रिन्यू करू का?

पत्र थोडक्यात: हे वाचक मूळचे नागपूरचे. २००६ च्या फॉलला एमएस करायला ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत, कॉर्व्हॅलिसला आले, आता हिल्सबरोत चिप डिझाइनमध्ये नोकरी, घरी बायको आणि सातवीतली मुलगी. अमेरिकन फुटबॉल लॅबमधल्या मित्रांनी शिकवलं, तेव्हापासून बीव्हर्सचे, म्हणजे ओरेगन स्टेटच्या टीमचे, पक्के फॅन आणि बऱ्याच वर्षांपासून घरची तीन सीझन तिकिटं. आता पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या बारा कॉलेजांची लीग फुटलीय, मोठे शेजारी निघून गेलेत आणि २०२५ चा फुटबॉल सीझन दोन विजय, दहा पराभव असा संपलाय. रिन्यूअलचा ईमेल आलाय, वर खेळाडूंना पैसे देता यावेत म्हणून डोनेशन द्या असे फोनही येतायत. बायको म्हणते शनिवार पण जातो आणि पैसे पण, मंडळातले मित्र चिडवतात, आणि मुलीने वाढदिवसाला प्रतिस्पर्धी ओरेगन डक्सची, म्हणजे यूजीनच्या युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनच्या टीमची, हिरवी-पिवळी जर्सी मागितलीय. ते विचारतात, "ताई, आम्ही मोठे होतो, आम्हाला खाली ढकललं. या टीमला काही भविष्य उरलंय का, की मी उगाच चिकटून बसलोय? थांबू की सोडू?"

नमस्कार दादा,

पत्र मोठं आहे आणि मनापासून लिहिलंय, त्यामुळे उत्तरही मोठंच होणार. तुम्ही उगाच चिकटून बसलेले नाही आहात हे आधीच सांगून टाकते. पण पत्रात काही गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात, आणि मला वाटतं त्रास टीमपेक्षा त्या गोष्टींचाच जास्त होतोय, म्हणून आधी त्याबद्दल बोलू आणि मग पैशांचं, घरचं.

"आम्ही मोठे होतो" हे तुम्ही दोनदा लिहिलंय. तुम्ही आलात २००६ ला. त्याच उन्हाळ्यात बीव्हर्सनी बेसबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली होती, पुढच्या वर्षी परत जिंकली. फुटबॉलला माइक रायली कोच होते, त्या सीझनला दहा गेम जिंकले, आणि २००८ ला तर देशात एक नंबरवर असलेल्या यूएससीला आपल्याच रीसर स्टेडियमवर २७-२१ हरवलं. म्हणजे तुमची या टीमशी ओळखच तिच्या फार चांगल्या दिवसांत झाली. त्याच्या आधीचं बघा ना, १९७१ ते १९९८, सलग २८ सीझन, या फुटबॉल टीमचं एकही वर्ष असं नाही की हरले त्यापेक्षा जास्त गेम जिंकले. २८ सीझन म्हणजे पोरगं जन्माला येऊन शिकून नोकरीला लागेपर्यंत, आणि तेवढा वेळ कॉर्व्हॅलिसची माणसं पावसात नारिंगी जॅकेट घालून जातच होती. मग १९९९ ला गाडी वळली आणि २००० ला थेट ११-१, फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे सीझन संपल्यावर निवडक टीमना मिळणारी गेम) नोटर डेमला ४१-९. त्या टीमचा क्वार्टरबॅक होता जोनाथन स्मिथ, हाच पुढे तुमचा कोच झाला.

हे सांगायचं कारण म्हणजे तुम्ही ज्याला पडझड म्हणताय ती तुमच्या आठवणीतल्या उंचीवरून मोजलेली पडझड आहे. तुमच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा, तो वेगळंच सांगेल. ओरेगन स्टेट हा कायम मधल्या फळीतला प्रोग्रॅम होता, मधूनच एखादं झळाळतं वर्ष यायचं आणि मग परत धडपड. मधल्या फळीत असणं म्हणजे अपयश नाही, अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं तिथेच आहेत.

आता "खाली ढकललं" याबद्दल. यात तुमचं दुःख खरं आहे आणि ते कमी करून दाखवणार नाही. जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेन या बड्या लीगकडे निघाले, जुलै २०२३ ला कोलोराडो बिग १२ या दुसऱ्या बड्या लीगकडे, आणि मग ४ ऑगस्ट २०२३, त्या एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ ला. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीवाले कॅल अटलांटिक किनाऱ्यावरच्या लीगमध्ये गेले, पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं एसीसीत, अजून वाचताना विचित्र वाटतं. बारापैकी उरले दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आणि हे घडलं कधी, तर टीम जोरात असताना! २०२२ ला १०-३, लास व्हेगस बोलमध्ये फ्लोरिडाला ३०-३. त्याच वर्षीची डक्सविरुद्धची गेम तुम्ही पत्रात सविस्तर लिहिलीत, ३१-१० असे मागे होतो आणि ३८-३४ ने जिंकलो, शेवटी पास जवळजवळ टाकलाच नाही, नुसतं पळून पळून यार्ड काढले आणि समोरच्यांना कळतंय काय येणार तरी थांबवता येत नव्हतं. तेवढं चांगलं खेळूनही दारात कुणी बोलवायला आलं नाही. कारण लीग निवडताना टीव्हीवाले बघतात किती घरांत चॅनेल लागेल, आणि कॉर्व्हॅलिस हे छोटं गाव आहे. खेळून कमावलेली गोष्ट खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने गेली, म्हणून ते लागलं तुम्हाला, आणि लागणारच.

पण पुढचं पण बघा. त्या दोघांनी हात जोडून बसायचं नाकारलं, कोर्टात गेले, वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि डिसेंबर २०२३ पर्यंत लीगचा कारभार आणि तिजोरी या दोघांच्या हातात आली. दोन वर्षं दोनच टीमची लीग चालवली. आणि १ जुलै २०२६ पासून नवीन पॅक-१२ सुरू होतेय, बॉयझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांना गॉन्झागा. तुम्ही लिहिलंय, "या असल्या टीमशी खेळायचं आता." दादा, हे वाक्य मला खटकलं. फ्रेझ्नो किंवा युटा स्टेटच्या लोगन गावातल्या फॅनला विचारा, त्याच्यासाठी हीच लीग म्हणजे कितीतरी वर्षांची इच्छा पूर्ण झाल्यासारखं आहे, त्याच स्टेडियममध्ये तो नाचत येणार आणि तुम्ही तोंड पाडून बसणार. आणि बॉयझीला "असली टीम" म्हणायच्या आधी आठवा, २०२४ ला नॅशनल चॅम्पियन ठरवणारा प्लेऑफ बारा टीमचा झाल्यावर पहिल्याच वर्षी ते आत होते, पहिल्या राउंडला बाय घेऊन, म्हणजे तो न खेळताच पुढे. पेन स्टेटकडून हरले पुढे, पण पोचले. गॉन्झागा तर बास्केटबॉलमध्ये २०१७ आणि २०२१ ला नॅशनल फायनल खेळलेलं कॉलेज आहे. तुमच्याकडे येणारे पाहुणे हलके नाहीयेत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भविष्य. माझं मत सरळ सांगते, पटलं तर घ्या.

२-१० हा आकडा भविष्य सांगत नाही, तो मागच्या दोन-अडीच वर्षांत काय झालं ते सांगतो. नोव्हेंबर २०२३ ला स्मिथ मिशिगन स्टेटला गेले, त्यांच्या पाठोपाठ तरुण क्वार्टरबॅक एडन चाइल्स गेला, पुढे रनिंग बॅक डेमियन मार्टिनेझ मायामीला. नवीन कोच ट्रेंट ब्रे, ओरेगन स्टेटचाच जुना खेळाडू, त्याच्या हातात अर्धी रिकामी टीम आली आणि शाळेतल्या पोरांना सांगायला लीगच नाही, दोन वर्षांनी आपण कुणाशी खेळणार हेच कोचला माहीत नसेल तर कुठलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं आणि त्याचे आईवडील सही करतील. पहिल्या वर्षी ५-७, दुसऱ्या वर्षी सलग सात हरल्यावर ऑक्टोबर २०२५ ला त्याला काढलं. आता अलाबामाहून जमार्कस शेपर्ड आलेत, हेड कोच म्हणून त्यांचं हे पहिलंच काम. ते चालतील की नाही हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही, पण एक फरक नक्की आहे, त्यांना पोरांना सांगता येतं की आपण कुठल्या लीगमध्ये आहोत, कुणाशी खेळणार आणि गेम कुठल्या चॅनेलवर दिसणार. रिक्रूटिंगमध्ये याला फार किंमत असते.

जे बदलणार नाही तेही ऐका. पैसा. जुन्या पॅक-१२ मध्ये २०२२ च्या आसपास दर कॉलेजला वर्षाला साधारण ३ कोटी ७० लाख डॉलर वाट्याला यायचे. नवीन लीगमध्ये त्याच्या जवळपासही जायची अपेक्षा धरू नका. आणि हे नेमकं अशा वेळी घडलंय जेव्हा खर्च वाढलाय, जून २०२५ ला कोर्टाने हाउस सेटलमेंट मंजूर केली, तेव्हापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलर. बिग टेनवाली बडी कॉलेजं त्या मर्यादेला भिडतात, तुमचं कॉलेज भिडू शकत नाही. रीसरची पश्चिमेची बाजू १६ कोटी डॉलरच्या आसपास खर्चून नवीन बांधली आणि ती नेमकी २०२३ ला उघडली, लीग मोडली त्याच वर्षी, त्याचंही ओझं आहेच. त्यामुळे चांगला खेळाडू तयार झाला की त्याला दुसरीकडून बोलावणं येणार, आणि चांगला कोच झाला की त्यालाही. हे दरवर्षी होणार असं धरूनच चला.

मग धरायचं काय? मला विचाराल तर वर्षाला सहा-सात विजय आणि एक बोल गेम ही पुढच्या तीन-चार वर्षांत रास्त अपेक्षा आहे. लीगचं विजेतेपद अधूनमधून. आणि एखाद्या वर्षी सगळं जुळून आलं तर प्लेऑफ, कारण बड्या चार लीगच्या बाहेरच्या सर्वात वरच्या चॅम्पियनला जागा ठेवलेली आहे, ती मिळवायला आता यूएससीला नाही तर बॉयझीला मागे टाकावं लागेल, आणि ते अवघड असलं तरी अशक्य नाही. डक्सना हरवणं मात्र विरळाच, २०२४ ला ४९-१४ आणि २०२५ ला ४१-७ झालंय, ती दरी एका कोचने भरून निघणारी नाही.

मात्र कुणी ठामपणे "पुढच्या वर्षी आठ विजय" वगैरे सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. तुमच्याच कॉलेजची पुरुषांची बास्केटबॉल टीम बघा. २०२०-२१ ला सीझनच्या आधीच्या अंदाजात पॅक-१२ मध्ये शेवटच्या नंबरवर होती, त्यांनी लीगची टुर्नामेंट जिंकली आणि देशातल्या शेवटच्या आठात गेली. सगळे म्हणाले आता काय, गाडी सुटली. पुढच्या वर्षी ३-२८! दोन्ही वेळा अंदाज सपशेल चुकले.

आणि तुम्ही "टीम" म्हणताना फक्त फुटबॉल धरलंय, पूर्ण पत्रात बेसबॉलबद्दल एक ओळ आहे आणि मुलींच्या बास्केटबॉलबद्दल शून्य. २०२५ ला बेसबॉलच्या टीमला लीगच नव्हती, दोन कॉलेजांची लीग बेसबॉलला चालत नाही, त्यामुळे अपक्ष खेळले, देशभर फिरून मॅचेस मिळवल्या, आणि त्या परिस्थितीत मिच कॅनम यांची टीम ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सीरिजला पोचली. २००६ आणि २००७ नंतर २०१८ लाही चॅम्पियन आहेतच हे लोक. २०२४ च्या व्यावसायिक बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, देशात पहिला नंबर ट्रॅव्हिस बझाना, ऑस्ट्रेलियातून आलेला मुलगा, कॉर्व्हॅलिसमध्ये घडला. बेसबॉलमध्ये तुमचं कॉलेज मधल्या फळीतलं नाहीच, अगदी वरच्या रांगेतलं आहे.

मुलींच्या बास्केटबॉलची गोष्ट तर तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ उत्तरच आहे. मार्च २०२४ ला स्कॉट रूएक यांची टीम शेवटच्या आठात होती. सीझन संपला आणि काही आठवड्यांत रेगन बियर्स ओक्लाहोमाला, टालिया फॉन ओलहॉफन यूएससीला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला, मुख्य खेळाडू एकामागून एक गेल्या. तुमच्यासारख्या कितीतरी लोकांनी तेव्हा म्हटलं, संपलं. रूएक राहिले. नव्या मुली आणल्या, सीझनभर ठेचा खाल्ल्या आणि मार्च २०२५ ला वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सची टुर्नामेंट जिंकून परत एनसीएए टुर्नामेंटमध्ये गेले. शेवटचे आठ नाही गाठले. पण मोडलेल्या घरात काय उभं करता येतं ते ज्यांनी त्या टीमला वर्षभर बघितलं त्यांना कळलं. मला विचाराल तर मधल्या फळीतल्या टीमचा फॅन असण्यात आता हीच मजा आहे, दरवर्षी नवीन माणसांना घेऊन कोच काय बांधतो ते बघणं. ज्याला चार वर्षं एकच चेहरा बघायचाय त्याला हा काळ अवघड जाणार.

खेळाडूंवरचा तुमचा राग मात्र मला सोडून द्यावासा वाटतो. "पैसे दिसले की पळतात" असं लिहिलंय तुम्ही. दादा, तुम्ही स्वतः नागपूरहून कॉर्व्हॅलिसला आलात आणि तिथून हिल्सबरोला, मधे एक कंपनी बदललीत, आणि प्रत्येक वेळी चांगली संधी होती म्हणूनच. तुम्हाला कुणी गद्दार म्हटलं का? एकवीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याची खात्री नसते, त्याला आज जे मिळतंय ते दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. आणि विदर्भाची रणजी टीम तुम्ही लहानपणापासून फॉलो करताय म्हणालात ना? १९५७-५८ पासून खेळणारी टीम, पहिली ट्रॉफी २०१७-१८ ला, आणि त्या टीममध्ये वसीम जाफर मुंबईहून आलेला होता, कोच चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. २०२४-२५ ला परत जिंकले तेव्हा फायनलला शतक मारणारा करुण नायर कर्नाटकातून आलेला, आणि पुढच्या सीझनला कर्नाटकात परत गेला. तुम्ही ती ट्रॉफी परकी मानली का? नाही ना, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं असणार! जो दोन वर्षं तुमच्यासाठी जीव तोडून खेळला तो खेळला, पुढे कुठे गेला तो त्याचा प्रश्न.

आता पैसे. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात घातल्यात, तिकीट आणि डोनेशन. तिकीट म्हणजे तुम्ही स्वतःच्या आनंदासाठी विकत घेतलेला शनिवार. डोनेशन म्हणजे प्रोग्रॅम चालावा म्हणून दिलेला पैसा. फोनवरचा माणूस दोन्ही निष्ठेच्या नावाखाली मागतो, ते त्याचं काम आहे, पण तुम्ही वेगळं ठेवा. तिकिटासाठी प्रश्न एवढाच, मागच्या सीझनला किती गेम्सना तिघं खरंच गेलात आणि किती वेळा दोन सीटा रिकाम्या राहिल्या किंवा कुणालातरी फुकट दिल्यात. तुमच्या पत्रावरून वाटतं अर्ध्याहून जास्त वेळा तुम्ही एकटेच गेलात. मग तीन सीझन तिकिटं कशासाठी? एक ठेवा, किंवा एकही नको, आवडीच्या दोन-तीन गेम्सची सुटी तिकिटं काढा.

डोनेशनचं म्हणाल तर आधी वर्षाचा एक आकडा बायकोबरोबर बसून ठरवा आणि फोन आला की तोच सांगा, वर एक डॉलर नाही. कुठे जातो ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅथलेटिक्सच्या फंडाला, बाहेरच्या एनआयएल कलेक्टिव्हला (खेळाडूंना पैसे देण्यासाठी फॅन्सनी उभारलेला गट), की एखाद्या ठराविक खेळाला. टॅक्सचं पण बघा, सीटा मिळवण्याच्या हक्कासाठी जे डोनेशन भरावं लागतं त्यावर २०१८ पासून फेडरल वजावट मिळत नाही, आणि खेळाडूंना पैसे देणाऱ्या बऱ्याच कलेक्टिव्हना करमुक्त धर्मादाय संस्था मानता येणार नाही अशी भूमिका आयआरएसने, म्हणजे टॅक्स खात्याने, २०२३ ला घेतलीय. त्यामुळे "डिडक्टिबल आहे" असं कुणी फोनवर बोललं तर लेखी मागा आणि स्वतःच्या सीपीएला दाखवा. मनात अपराधी वाटत असेल की खेळाडूंना नाही दिलं तर टीम बुडेल, तर तुमच्या शंभर-दोनशे डॉलरने डक्सच्या मागे उभ्या असलेल्या नाइकीवाल्या फिल नाइटची बरोबरी होणार नाही, तो भार तुमच्यावर कुणी टाकलेलाच नाही. मुलीच्या ५२९ मधून, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यातून, किंवा मराठी शाळेच्या फीमधून काढून तर अजिबात देऊ नका. द्यायचंच असेल आणि खात्रीने कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल तर तुमच्या जुन्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंटची स्कॉलरशिप आहे, तेही ओरेगन स्टेटच की.

वहिनींचं म्हणणं मला बरोबर वाटतं, आणि तुम्ही पत्रात त्याला "तिला खेळ कळत नाही" म्हणून उडवलंय ते बरोबर नाही. त्या खेळाबद्दल बोलतच नाहीयेत. टीव्हीच्या सोयीने किकऑफ संध्याकाळी साडेसातला लागतो, गेम संपायला अकरा वाजतात, मग नोव्हेंबरच्या पावसात आय-५ वरून दीड तास गाडी, घरी एक वाजता, आणि सकाळी नऊला मुलीची मराठी शाळा कोण नेणार तर त्या. गेम हरलेले असलात की रविवार दुपारपर्यंत तुम्ही बोलत नाही हेही तुम्हीच लिहिलंय. त्यांना विचारा, कुठल्या गेमला यायला आवडेल, दुपारची असेल तर, सप्टेंबरची कोरडी हवा असेल तर. रात्रीच्या गेम्स घरी टीव्हीवर बघा. आणि हरल्यावरची रविवारची शांतता हा प्रश्न तिकीट रिन्यू केल्याने किंवा न केल्याने सुटणार नाही, तो वेगळा बघायला लागेल, दोघांनी बोलून.

मुलीने डक्सची जर्सी मागितली तर घेऊन द्या. खरंच. ती बारा-तेरा वर्षांची आहे, वर्गातल्या निम्म्या पोरी तेच घालतात, टीम जिंकतेय, रंग भारी आहेत, बास्केटबॉलची स्टार सब्रिना आयोनेस्कू तिथे खेळून गेली. तिने तुमच्याविरुद्ध काही केलेलं नाही. तुम्ही स्वतः बीव्हर्सचे कसे झालात? लॅबमधल्या मित्रांमुळे. तीही तशीच होतेय. आणि थोडं पुढचं बघा, पाच-सहा वर्षांनी ती ओरेगनमध्येच शिकायचं म्हणाली तर इन-स्टेट फीमध्ये यूजीन आणि कॉर्व्हॅलिस दोन्ही पर्याय असतील, तेव्हा "डक्स" या शब्दावरून घरात आधीच भांडण झालेलं नको. तुम्हाला तिच्याबरोबर काहीतरी हवंय हे मला पत्रातून दिसतं, तर तिला फुटबॉलच्या साडेतीन तासांत ओढू नका, गिल कोलिझियमला मुलींची बास्केटबॉल गेम दाखवा. दोन तासांत संपते, पाऊस लागत नाही, कोर्टाच्या जवळ बसता येतं, कोच काय ओरडतो ते ऐकू येतं. वसंतात गॉस स्टेडियमला बेसबॉल. ती हिरवी जर्सी घालून आली तरी येऊ द्या.

मंडळातल्या मित्रांचं फार मनावर घेऊ नका. जे पाच वर्षांपूर्वी कुठल्याच टीमचे नव्हते आणि आता डक्स डक्स करतात त्यांच्याशी वाद घालून काही मिळणार नाही, आणि जे तुमच्याबरोबर लॅबमध्ये होते ते चिडवतात म्हणजे तेही अजून स्कोअर बघतात.

हे उत्तर वॉशिंग्टन स्टेटच्या, पुलमनला शिकलेल्या मंडळींना बऱ्यापैकी तसंच लागू पडेल, त्यांचा शेजारी वॉशिंग्टन हस्कीज एवढाच फरक. आणि युटा स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नोला शिकलेले वाचक असतील तर त्यांना उलटं सांगेन, वरच्या पायरीवर आलात याचा आनंद घ्या पण पहिल्या वर्षीच सीझन तिकिटाच्या पाच वर्षांच्या प्लॅनवर सही करू नका, कारण लीगचे टीव्ही करार दर काही वर्षांनी संपतात आणि तेव्हा परत फोडाफोड होऊ शकते. कुठल्याही मधल्या फळीतल्या कॉलेजच्या फॅनने एक वर्षाच्या पलीकडचं पैशाचं वचन देऊ नये असं माझं पक्कं मत झालंय. पोटतिडकीने फॉलो करा, दहा वर्षं करा, त्याला पैसे लागत नाहीत.

तुमच्यासाठी म्हणाल तर मी हे करेन: तीन सीझन तिकिटं या वर्षी सोडा. शेड्यूल समोर ठेवून वहिनींबरोबर फुटबॉलच्या दोन दुपारच्या होम गेम्स निवडा, त्यातली एक शक्यतो बॉयझी किंवा वॉशिंग्टन स्टेटसारख्या तगड्या टीमची, मुलीबरोबर गिलच्या दोन आणि गॉसच्या एक-दोन गेम्स. डोनेशनचा आकडा ठरवून कागदावर लिहा. सीझन संपल्यावर डिसेंबरला बसून बघा की ज्या शनिवारी नाही गेलात तेव्हा जीव कासावीस झाला का, झाला असेल तर पुढच्या वर्षी एक सीझन तिकीट घ्या. रिन्यूअलची तारीख गेली म्हणून घाबरू नका, जुनी जागा कदाचित जाईल, पण २-१० च्या पुढच्या वर्षी रीसरमध्ये सुटी तिकिटं मिळायला अडचण यायची नाही, आणि वेस्ट साइडलाच बसायचं असेल तर शेड्यूल लागल्या लागल्या ऑनलाइन बघून ठेवा.

तुमची,
ताई